हिरव्या डगल्यांची पलटण

१

मंगळवारी संध्याकाळच्या खेळाला बादशहाची लाल डगल्यांची पलटण पडद्यावर हिरवीगार होऊन चालत आली, आणि सेथ हॉयल आलाच नाही.

सुरुवातीला कुणाला काही उमगलं नाही. आमचं जुबिली थिएटर खच्चून भरलेलं होतं. उत्तर इंग्लंडातल्या या स्केलबेकमधलं अर्धं गाव सेथला बघायला आलं होतं. छावणीतले तंबू आले, तंबूंपुढे विसावलेले सैनिक आले, लोक पुढे वाकले. आणि एकदम पडद्याला हिसका बसल्यासारखं झालं. तंबू गेले, संचलन सुरू झालं. डगले पालेभाजीसारखे हिरवे, आणि मागची झाडं मात्र पेटल्यासारखी लाल. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग त्या अंधारात सेलिनामावशीचा आवाज आला, "माझा सेथ कुठाय? अरे, माझा मुलगा कुठे नेलात?"

हसणारा गप्प झाला.

मी एडिथ सटक्लिफ. जुबिली थिएटर माझ्या भावाचं, जोचं, आणि तिकीटखिडकीवर मी. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं हे मला ठाऊक असायचं, निदान तसं मला वाटायचं.

आदल्या दिवसाचं आधी सांगते. सोमवारी आमच्याकडे ती रंगीत हलती चित्रं पहिल्यांदा लागली. हिंदुस्थानात बादशहाच्या राज्याभिषेकाचा जो दरबार झाला, तो तिथेच, त्याच उन्हात टिपलेला. हाताने रंगवलेली चित्रं आम्ही पूर्वी पाहिली होती. त्यात गाल गुलाबी आणि कानही गुलाबी. हे तसं नव्हतं. आमच्या गावाला लोकरीच्या गिरण्यांच्या काजळीचा एकच रंग. भिंती काळ्या, नदी काळी, रविवारचे कपडेही काळे. आणि त्या पडद्यावर ऊन आलं. सोनेरी छत्र्या, केशरी पागोटी, लाल डगले, निळ्या आभाळाखाली सगळे एकदम. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या विणकराने डोळ्यांवर हात धरला. ऊन लागतंय म्हणून! बंद खोलीत, पावसाळी संध्याकाळी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रार्थनेत बसतात तसे लोक बसले होते.

मग छावणी आली. एका सैनिकाने डोक्यावरची टोपी काढली, कपाळावरचे केस हाताने मागे सारले आणि आमच्याकडे सरळ बघून हसला. केस असे तांबडे, की वाटावं डोक्यावर निखारे ठेवलेत.

सेलिनामावशी उठून उभी राहिली. "अगं बाई, हा तर आमचा सेथ!"

सेथ तिचा एकुलता एक. दरबार आटोपल्यावर महिन्याभरात तिकडेच तापाने गेला. आणि इथे तो पुरुषभर उंच होऊन हसत होता.

आणि मंगळवारी फितीतला तेवढाच तुकडा कुणीतरी कापून नेला होता.

२

बुधवारी सकाळी सार्जंट इनॉक बॅराक्लफ आले तेव्हा माझा भाऊ ही चित्रं गावोगाव नेणाऱ्या कंपनीच्या यंत्रवाल्याला, पर्सी टँक्रेडला, भिंतीला टेकवून उभा होता.

"यानेच केलंय, सार्जंट! यंत्राची खोली याच्या ताब्यात, फिती याच्या ताब्यात. आता कंपनी म्हणणार आम्ही माल खराब केला, आणि उरलेला आठवडा बोंबलला! घाला बेड्या."

"मला बेड्या घाला, पण आधी याला माझी कॉलर सोडायला सांगा," टँक्रेड म्हणाला. लंडनचा बारीकसा माणूस. चेहरा पार उतरलेला. "साहेब, कंपनीला हे कळलं तर मला परत कुणी यंत्राजवळ उभं करणार नाही. मी स्वतःच्या पोटावर पाय आणीन का?"

सार्जंट बॅराक्लफ हा भल्यामोठ्या मिशांचा, संथ बोलणारा माणूस. त्यांना रेल्वेत इंजिन चालवायचं होतं. परीक्षेला लोकरीच्या रंगीत लडी पुढे ठेवल्या आणि जोड्या लावायला सांगितलं, तर यांनी लालशी हिरवी लावली. लोकरीच्या गावचा पोरगा आणि लोकरीत नापास! गाव अजून हसतं. त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसतच नाही. म्हणून पोलिसात आले.

"मला एवढंच सांग," ते टँक्रेडला म्हणाले, "लोक म्हणतात डगले हिरवे झाले. मला काही कळायचं नाही. पण एक तुकडा कापला तर पुढचे रंग का बदलावेत?"

टँक्रेडच्या डोळ्यांत पहिल्यांदा जीव आला. त्याने आम्हाला वर नेलं. गॅलरीत पत्रा ठोकून केलेली ती खोली म्हणजे भट्टीच. यंत्रापुढे एक चाक होतं, त्यात एक लाल काच, एक हिरवी.

"फितीवरची चित्रं जोडीजोडीने असतात, साहेब. पहिलं लाल काचेचं, दुसरं हिरव्या काचेचं, मग परत लाल. चाक गरगर फिरतं आणि तुमचा डोळा दोन्ही मिसळतो. आता मधली चित्रं काढायची तर जोड्याच काढायच्या. या चोराने एक चित्र जास्त कापलं. त्यामुळे पुढचं सगळं उलटं झालं. लालचं चित्र हिरव्या काचेपुढे आलं. मला वाटलं चाक घसरलं. मी खटपट करेपर्यंत रीळ संपलं."

"म्हणजे तू कापलं असतंस तर..."

"तर तुम्हाला कुणाला पत्ताही लागला नसता."

जो पुटपुटला, "मुद्दाम चुकला असेल." पण त्याचा आवाज खाली आला होता.

सार्जंटांनी फितीचा जोड हातात घेतला. "हा कुणी जोडला?"

"चोरानेच. माझा गोंद इथेच असतो. आम्ही सरळ काप घेतो, हा तिरका आहे. पण काय बेमालूम जोडलाय! दुपारचा खेळ संपल्यावर मी जेवायला गेलो होतो, तेवढ्यात हे झालं. दुपारी तो तांबड्या केसांचा पोरगा होता पडद्यावर, मी स्वतः पाहिलं."

सार्जंट खाली उतरले. आमचं थिएटर म्हणजे जुनं चॅपल, प्रार्थनेचं घर. मंडळींनी नवीन चॅपल बांधलं आणि हे जोला विकलं. जिथे उपदेशाचं व्यासपीठ होतं, त्याच्यापुढे आम्ही पांढरं कापड ताणून बसवलं होतं. तोच आमचा पडदा. दिवा लागला की कापडातून झिरपून मागच्या भिंतीवरही उजेड पडायचा. सार्जंट त्या कापडाकडे थोडा वेळ बघत उभे राहिले.

"एडिथ," ते म्हणाले, "तो मुलगा पुन्हा दिसू नये असं वाटणारं गावात कोण आहे?"

मी तीन नावं सांगितली. सांगताना मला माझीच लाज वाटली.

३

पहिले कॅप्टन लायोनेल फेअरब्रदर. हे पडद्याशेजारी उभे राहून चित्रांचं वर्णन सांगायचे. छातीवर बिल्ले, हातात छडी, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "मी दिल्लीत होतो तेव्हा." मंगळवारी डगले हिरवे चालत असताना हे गृहस्थ पाठ केल्यासारखे सांगत होते, "आणि पाहा, आमच्या शूर शिपायांचे हे रक्तासारखे लाल डगले!"

सोमवारी खेळ संपल्यावर सेलिनामावशीने त्यांना गाठलं होतं. "तुम्ही तिथे होतात ना? माझा सेथ भेटला का हो?" आणि हे म्हणाले होते, "बाई, मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं."

"कोणती पलटण होती त्याची?" सार्जंटांनी विचारलं.

कॅप्टन खोकले. मिशीला पीळ दिला. मग हळूहळू सगळा माणूसच खुर्चीत खचला.

"मी कॅप्टन नाही, सार्जंट. मी नाटकात कामं करायचो. इंग्लंड सोडून डोव्हर बंदराच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. त्या बाईंनी असं बघितलं माझ्याकडे... नाही म्हणणं जमलंच नाही."

"आणि आता त्या रोज नवं काहीतरी विचारणार. तो तुकडाच नसता तर सुटलात."

"ते खरं आहे. रात्रभर हाच विचार केला. पण जोड्यांची भानगड मला माहीत आहे, टँक्रेड दर गावात तीच रडगाणी गातो. मी एक चित्र जास्त कापलं नसतं." मग त्यांनी मान खाली घातली. "आणि मुळात मी ते कापलंच नसतं. माझ्या सगळ्या भाषणात तेवढं एकच ठिकाण असं आहे, जिथे लोक माझ्याकडे बघत नाहीत आणि मला वाईट वाटत नाही."

"त्याने टोपी काढली, मग काय केलं?"

"केस मागे सारले. असे." त्यांनी उजवा हात कपाळावरून नेला.

दुसरी आयडा क्रॉसली. ती गिरणीत कापडातले दोष शोधून सुईने भरायची. नजर घारीसारखी, बोटं त्याहून चलाख. सेथ तिला शब्द देऊन पलटणीत गेला होता. आता तिचं लग्न स्टोअरमधल्या वॉल्टरशी ठरलं होतं आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये, लग्नाआधीच्या रीतीप्रमाणे, दोघांची नावं पुकारायची होती. सोमवारपासून गिरणीतल्या बायका तिला चिमटे काढत होत्या, "काय गं, नवरा बघून आलीस का? कोणता, पडद्यावरचा की दुकानातला?"

"मीच केलं म्हणतायत ना सगळ्या?" कापडावरून मान वर न करता ती म्हणाली. "म्हणू देत."

"केलंस का?" सार्जंटांनी शांतपणे विचारलं.

तिची सुई थांबली. "मी दोनदा गेले. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी, गिरणीत डोकं दुखतंय सांगून. त्याचे केस एवढे तांबडे होते हे मी विसरूनच गेले होते, सार्जंट. माझ्याकडे त्याचा फोटो आहे, त्यात ते काळे दिसतात. मलाही तसेच आठवायला लागले होते." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती उघडझाप केली. "वॉल्टरला मी सांगितलंय. तो म्हणाला, तिसऱ्यांदा जाशील तेव्हा मी येतो सोबत. असा माणूस सोडून मी फिती कापत बसेन?"

"टोपी काढल्यावर सेथने काय केलं?"

तिनेही उजवा हात कपाळावरून नेला. अगदी सेथसारखा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सार्जंट, तुम्ही सगळ्यांना हेच का विचारता?"

"अगं, प्रत्येक जण मला रंगच सांगतो. असा लाल, तसा निळा. मला त्याचा काय उपयोग? हात-पाय तरी कळू देत."

४

तिसरे जेरेमाया हॉयल. सेथचे वडील.

ते गिरणीत यंत्रांचे चामडी पट्टे जोडायचे. चॅपल जुन्या जागी होतं तोवर त्याची देखभालही त्यांच्याकडेच होती. दिवे लावणं, बाकं पुसणं, घंटा. जागा विकली तेव्हा मंडळींच्या बैठकीतून ते उठून गेले होते. आणि सेथ लाल डगला घालून निरोप घ्यायला आला तेव्हा त्यांनी दार उघडलं नव्हतं. पलटण म्हणजे दारू आणि शिव्या, असं त्यांचं ठाम मत. पोरगा गेल्याची तार आली त्या दिवशीही ते कामावर गेले.

पट्ट्यांच्या माळ्यावर चामड्याचा आणि सरसाचा वास भरला होता. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"मी त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "जिथे देवाचं वचन वाचलं जायचं तिथे आता तमाशा चालतो. विचारा या पोरीला, मी कधी तिकीट काढलं का?"

"नाही काढलं," मी म्हटलं. खरंच नव्हतं काढलं. समोरच्या दारातून ते आले असते तर गावभर बोंब झाली असती.

"आणि फितीत तुकडा नेमका कुठे होता, हे बघितल्याशिवाय कुणाला कळणार?" सार्जंट जणू स्वतःशीच बोलले. "म्हणजे तुम्ही नव्हेच. माफ करा, मिस्टर हॉयल, विचारणं माझं काम. पण लोक म्हणतात, मुलगा फार छान दिसत होता."

"छान!" त्यांनी हातातला पट्टा बाकावर आपटला. "बादशहाच्या चाकरीत उभा आणि डाव्या हाताने केस सारत, दात काढत बसलाय. घरात असतानाही असाच. कशाचं म्हणून गांभीर्य नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण नाही सांगत? बायको तर झोपेतही तेच बोलते."

आम्ही जिना उतरलो. मी म्हटलं, "चला, म्हणजे तिघेही नाहीत. आता काय?"

सार्जंट गिरणीच्या फाटकात थबकले. मिशी चावत उभे राहिले.

"एडिथ, तू सोमवारी मागे उभी होतीस. सेथने कोणत्या हाताने केस सारले?"

"उजव्या. सगळ्यांनी सांगितलं की तुम्हाला."

"सगळ्यांनी. एक सोडून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सेलिनाबाई घरी नवऱ्याला दाखवताना कोणता हात वापरत असतील? त्याही उजवाच. तू आरशात कधी केस विंचरलेस का गं? तुझा उजवा हात आरशातलीचा कोणता होतो?"

मी तिथेच उभी राहिले. पांढरं कापड माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मागच्या भिंतीवर झिरपलेला उजेड.

"पडद्यामागून," मी म्हटलं. "पण मागे कसं जाणार? मागे फक्त जुनं दार आहे गल्लीत उघडणारं. त्याला कुलूप आहे."

"आणि चॅपलची किल्ली इतकी वर्षं कुणाच्या खिशात होती?"

५

गुरुवारी दुपारी आम्ही हॉयलांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. सेलिनामावशीने चहा केला, ओटची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. जेरेमाया जेवणाच्या सुट्टीत घरी आले होते. आम्हाला बघून ते दारातच थांबले.

सार्जंट आवाज न चढवता बोलले. "मिस्टर हॉयल, मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. कुणाला तो मुलगा नकोसा झालाय, हे शोधत बसलो. पण ज्याला नष्ट करायचंय तो फीत जाळतो. काडी लावली की क्षणात भडकते. ज्याने हे केलं त्याने जोड लावला. चांगला, मजबूत. आपल्यामुळे बाकीच्यांचा खेळ बंद पडू नये म्हणून. आणि जोड तिरका, गिरणीतल्या पट्ट्याला लावतात तसा. चित्रांच्या धंद्यातला नव्हता, म्हणून एक चित्र जास्त गेलं. तिकीट न काढता त्याने खेळ बघितला, पडद्याच्या मागून, म्हणून उजवा हात त्याला डावा दिसला."

सेलिनामावशीने किटली खाली ठेवली. "जेरेमाया?"

ते जिना चढून वर गेले. इतका वेळ झाला की मला भीती वाटायला लागली. मग खाली आले ते रविवारचा पांढरा रुमाल हातात घेऊन. रुमाल टेबलावर ठेवून त्यांनी उलगडला. आत फितीची छोटीशी गुंडाळी होती.

"घ्या," ते म्हणाले. "मेलंय ते."

मावशीने ती खिडकीच्या उजेडात धरली. मीही वाकून बघितलं. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. टोपी, हात, हसणं. सगळं राखाडी. केसही राखाडी.

जेरेमाया उभ्यानेच बोलायला लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. "सोमवारी मी तुला ओढून आणायलाच निघालो होतो, सेलिना. पुढच्या दारी सगळं गाव. म्हणून मागून शिरलो. आत अंधार, आणि एकदम तो समोर आला. मी जिथे उपदेशकाचा पेला भरून ठेवायचो, त्या जागी मी उभा, आणि माझ्या डोक्याच्या वर तो. एवढा मोठा! मी हात लांबवला असता तर त्याच्या डगल्याला लागला असता. केस पेटलेले. मी दार उघडलं नव्हतं ना, तेव्हा मी ते केस बघितलेच नव्हते. खिडकीतूनसुद्धा नाही."

ते टेबलाला धरून खाली बसले.

"दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो. वाटलं, हे लोक त्याला गावोगाव नेणार, मग संपलं. तो माझा आहे. मी वर जाऊन कापलं. हातात घेतलं तेव्हा उजेड कमी होता. घरी येऊन बघतो तर रंग गेलेला. सगळा. मी देवाच्या घरात चोरी केली, सार्जंट. जागा विकली म्हणून काय झालं, देवाचंच घर ते. त्याने तिथल्या तिथे रंग काढून घेतला. पोरगा एकदा तापाने गेला, दुसऱ्यांदा माझ्या कात्रीने."

सार्जंटांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"मिस्टर हॉयल, देवाने काहीही काढून घेतलेलं नाही. या फितीत रंग कधी नव्हताच. मी ते यंत्र बघितलंय. फीत सगळी अशीच राखाडी आहे, बादशहासकट. रंग चाकातल्या काचांतून येतो, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. फीत परत जोडा, दिवा लावा, तो जसाच्या तसा येईल."

"खोटं," जेरेमाया म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"मला लाल रंगच दिसत नाही, मी कशाला त्याच्याबद्दल खोटं बोलू?"

सेलिनामावशीने फितीची गुंडाळी रुमालात ठेवली, रुमालाची चारही टोकं नीट दुमडली. मला वाटलं आता ती ओरडेल. दोन रात्री ती त्या तुकड्यासाठी रडली होती, आणि तो वरच्या खोलीत होता. तिने रुमाल नवऱ्यापुढे सरकवला.

"मला हाक मारायची होतीत," ती म्हणाली. "मी पुढे होते, तुम्ही मागे. मध्ये एक कापड तर होतं."

६

सार्जंटांनी जोला सांगितलं की तुकडा सापडला, आणि कंपनीला काही कळवायची गरज नाही. जो आधी भडकला. मग कुणी कापला हे कळल्यावर टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "माझ्या लग्नात त्यांनीच घंटा वाजवली होती." टँक्रेडने जोड्या मोजून फीत जोडली, सरळ काप घेऊन. फेअरब्रदर स्वतः हॉयलांच्या घरी गेले आणि मावशीची माफी मागून आले. मावशीने त्यांना जेवायला ठेवून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी जेरेमाया हॉयल समोरच्या दाराने आले. रांगेत उभे राहिले. लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. माझ्या खिडकीशी आल्यावर म्हणाले, "दोन. पुढची."

सार्जंटही आले, गणवेश न घालता, आणि माझ्याजवळ मागे उभे राहिले. "मला जरा हळूच सांगत जा," ते म्हणाले. "कुठे काय रंग आहे ते." मी सांगत गेले. छत्री सोनेरी. पागोटं केशरी. आभाळ निळं, ते तुम्हालाही दिसतंय. ते मान डोलवत ऐकत होते, दूरच्या देशाची गोष्ट ऐकावी तसे.

छावणी आली तेव्हा फेअरब्रदर बोलायचे थांबले. चित्रांना साथ करणारा पियानोही थांबला. यंत्राची घरघर तेवढी राहिली. तंबू आले, सैनिक आले, आणि सेथने टोपी काढली. तोच तांबडा उजेड. मला पुढच्या रांगेत जेरेमायांची पाठ दिसत होती. ती हळूहळू ताठ होत गेली, आणि पडद्यावरचा उजेड त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर पडून तेही क्षणभर तांबूस दिसलं. थिएटरात शेकड्यांनी माणसं होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. राखाडी फितीतून, काचेच्या दोन तुकड्यांतून, मेलेला मुलगा उन्हात उभा राहून आमच्याकडे बघत होता, आणि हे कसं होतं हे सगळं माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. माहीत होतं म्हणूनच जास्त आला असेल.

"आता काय रंग आहे?" सार्जंट कुजबुजले.

मला सांगता आलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही.

खेळ संपल्यावर जेरेमाया माझ्याजवळ आले. "हे इथून कुठे जाणार?"

"ब्रॅकेनशॉला. सोमवारपासून."

पुढच्या शनिवारी मी त्या दोघांबरोबर ब्रॅकेनशॉला गेले. त्यांना आगगाडीची सवय नव्हती म्हणून, आणि मलाही परत बघायचं होतं म्हणून. तिथलं थिएटर आमच्याहून मोठं, माणसं सगळी अनोळखी. आम्ही बसलो तर जेरेमायांच्या पलीकडे शाल घेतलेली एक जाडजूड बाई होती. दिवे मालवले तशी ती बाकाची कड धरून पुढे सरकली. दरबार सुरू झाला, छत्र्या, घोडे, नगारे, पण ती ते बघतच नव्हती. प्रत्येक रांग नजरेने चाळत होती. थोड्या वेळाने तिचं लक्ष जेरेमायांकडे गेलं. तेही तसेच बसलेले.

"तुमचाही आहे का यात?" तिने हळूच विचारलं.

जेरेमाया चमकले. मग म्हणाले, "हो."

"माझा झेंड्याच्या मागे आहे. तिकडेच सरहद्दीवर, डोंगराकडच्या लढाईत गेला फेब्रुवारीत. चौथ्यांदा येतेय मी. तुमचा कुठला?"

"थांबा," जेरेमाया म्हणाले. "आत्ता येईल." आणि पडद्यावरची नजर न काढता तिच्याकडे थोडे सरकले. "तुमचा आला की मलाही दाखवा."